दारू सुटली, संसार लागला. जुन्या मारामारीच्या केसमधलं वॉरंट निघालंय, हजर होऊ का?

व्हा दादा, आणि स्वतःहून व्हा. वॉरंट जुनं झालं म्हणून मरत नाही. कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते जिवंतच असतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, कलम ७२).

माझ्या मावसभावाने सांगलीत हेच केलं. सकाळीच वकिलासोबत कोर्टात उभा राहिला, वॉरंट रद्दचा अर्ज दिला. जामीनदार म्हणून चुलते सातबारा, आधार घेऊन बाकावर बसलेले. संध्याकाळी दंड भरून घरी आला. प्रत्येकाचं असं होईलच असं नाही, एखाद्याला आत जावं लागतं. म्हणून घरच्यांना आधी सांगा. व्यसनमुक्तीचे, कामाचे कागद जोडा.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, हेल्पलाइन १५१००. पुढची एकही तारीख चुकवू नका.