२ चा घात, वजा १

प्रश्न : सर, २ चा कोणताबी मूळ संख्येइतका घात घेऊन त्यातून १ वजा केला की मूळ संख्याच येते का? आमच्या क्लासमधी यावरून लई वाद झालाय.
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : नाही गं. ११ घेऊन बघ, २ चा ११ वा घात २०४८, १ गेला की २०४७, अन् ते निघतंय २३ गुणिले ८९! पण ३१ घेतला की २१४७४८३६४७ येते, अन् ती मूळच हाय हे ऑयलर नावाच्या गणितज्ञानं १७७२ मधी दाखवलं, कॉम्प्युटर नसताना, मला तर हे लई भारी वाटतं. २०२४ मधी सापडलेली मोठी मूळ संख्याबी ह्याच प्रकारातली, घात १३६२७९८४१, अंक ४ कोटी १० लाखांच्या वर. तू वहीवर २ चा १३ वा घात घेऊन १ वजा कर, ८१९१ येतील, त्याला ८९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघ, एकानंबी भाग जात नाही.