फ्रेकल्सना ‘वांग’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: गोऱ्या चेहऱ्यावर, नाकावर आणि गालांवर बारीक तांबूस ठिपके दिसतात, त्या फ्रेकल्सना मराठीत ‘वांग’ म्हणावं का? आणि ते येतात कशामुळे?

वांग म्हणू नये. हा शब्द संस्कृत ‘व्यंग’वरून आला. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ आजारांमध्ये, व्यंगाचं वर्णन आहे: चेहऱ्यावरचं, न दुखणारं, पातळ, काळपट मंडल. मंडल म्हणजे पसरट डाग. आपण वांग म्हणतो तोही असाच, बहुधा दोन्ही गालांवर सारखा पसरणारा. गरोदरपणात तो पुष्कळदा दिसतो, कारण त्यामागे उन्हाबरोबर संप्रेरकंही असतात.

फ्रेकल्सचं मूळ आनुवंशिक आहे. 16व्या गुणसूत्रावरच्या एमसी1आर या जनुकात काही विशिष्ट फरक असले, की त्वचेत काळ्या-तपकिरी मेलॅनिनऐवजी (मेलॅनिन म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य) तांबूस-पिवळं मेलॅनिन जास्त बनतं. ते अतिनील किरण नीट अडवत नाही. अशा त्वचेला ऊन लागलं की ठिकठिकाणच्या रंगपेशी आजूबाजूपेक्षा जास्त रंग तयार करतात आणि तिथे ठिपका उमटतो. पेशींची संख्या वाढलेली नसते, फक्त त्यांचं काम वाढलेलं असतं. म्हणूनच ऊन कमी झालं की हे ठिपके फिकटतात. जन्मतः ते नसतात. बालपणी ऊन लागू लागलं की दिसू लागतात.

उतारवयात हातांवर उठणारे तपकिरी डाग यांहून वेगळे. तिथे रंगपेशीच वाढलेल्या असतात, त्यामुळे ते हिवाळ्यातही जात नाहीत. त्यांचं वैद्यकीय नाव ‘लेंटिगो’, लॅटिन ‘मसूर’वरून आलेलं. आपला तीळ तिळावरून, आणि सुश्रुतानं ‘मषक’ म्हटलेला उंचवटा, म्हणजे आपला मस, उडदासारखा. त्वचेवरच्या खुणा धान्याच्या दाण्यांनी मोजायची ही रीत दोन्हीकडे आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

‘तीळ’ही इथे चालणार नाही. तीळ उन्हाबरोबर गडद-फिकट होत राहत नाही. (झालाच, वाढला किंवा त्यातून रक्त आलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.)

मग लिहावं काय? लेखात पहिल्यांदा ‘उन्हाने उमटणारे तांबूस ठिपके’ असं फोडून सांगावं, पुढे सरळ ‘फ्रेकल्स’ वापरावं. वैद्यकीय माहितीपत्रकात ‘वांग’ घातलं, तर वाचणारी बाई गालावरच्या डागाचा उपाय त्यात शोधेल आणि तो तिला लागू पडणार नाही.