वाचक विचारतात : प्रश्नमंजूषेचा छंद

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषांविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रे ‘कौन बनेगा करोडपती’च्या जुन्या चाहत्यांची आहेत.

प्रश्न : एक कोटी जिंकणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात किती रक्कम पडते, यावर आमच्या घरी दर वर्षी वाद होतो. आपण खुलासा करावा. (एक गृहिणी, निपाणी)

उत्तर : अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर लागतो. नोकरदाराला किंवा व्यापाऱ्याला मिळणारी करमुक्त मर्यादा या रकमेला लागू होत नाही आणि प्रवासाचा किंवा तयारीचा खर्चही त्यातून वजा करता येत नाही. वाहिनी रक्कम देतानाच ३० लाख रुपये कापून घेते. पुढे विवरणपत्र भरताना अधिभार (मोठ्या उत्पन्नावर मूळ करावर लागणारा जादा कर) आणि ४ टक्के उपकर यांचा हिशेब होतो. विजेत्याला त्या वर्षी दुसरे काहीच उत्पन्न नसेल, तर १० टक्के अधिभार धरून एकूण कर सुमारे ३४ लाख ३२ हजार होतो आणि हातात ६५ लाख ६८ हजारांच्या आसपास उरतात. त्यामुळे ‘सत्तर लाख मिळतात’ असे म्हणणारेही पूर्ण चुकीचे नाहीत. त्यांनी विवरणपत्राची पायरी तेवढी धरलेली नाही.

प्रश्न : आमच्या घरी ‘कौन बनेगा करोडपती’ अगदी २००० सालच्या पहिल्या पर्वापासून पाहिले जाते. आता नातवाला संध्याकाळी दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवरील ‘थट् अंत हेळि’ हा कन्नड कार्यक्रम पाहायचा असतो. मराठी शाळा टिकाव्यात, मराठीतून परिपत्रके मिळावीत म्हणून आम्ही उभी हयात झगडलो. त्याच घरात रोज कन्नड प्रश्नमंजूषा लागावी, हे मनाला पटत नाही. काय करावे? (एक आजोबा, खानापूर तालुका)

उत्तर : आपले पत्र वाचून आपल्याविषयीचा आदर वाढला. आपली खंत खरी आहे आणि तिला हलके लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही आमचे स्पष्ट मत असे आहे की नातवाला तो कार्यक्रम पाहू द्यावा आणि शक्य तर आपणही त्याच्या शेजारी बसावे. मराठीतून परिपत्रक मिळणे हा आपला हक्क आहे आणि तो मागत राहिलेच पाहिजे. पण शेजारची भाषा चांगली येणाऱ्या मुलाचा त्या हक्कावरचा दावा तसूभरही कमी होत नाही. उलट तहसील कार्यालयात तोच दावा तो अधिक नेमकेपणाने मांडू शकतो.

कार्यक्रमाविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण आपल्या भागातील मराठी घरांत त्याची माहिती फारशी नसते. डॉ. ना. सोमेश्वर हे पेशाने डॉक्टर असलेले लेखक तो २००२ पासून सादर करत आले असून त्याचे तीन हजारांहून अधिक भाग झाले आहेत. तेथे कोट्यवधींची बक्षिसे नाहीत, डोळे दिपवणारी रोषणाई नाही. योग्य उत्तराला बक्षीस म्हणून कन्नड पुस्तक दिले जाते. पुस्तकाच्या बक्षिसावर एखादी प्रश्नमंजूषा इतकी वर्षे तग धरते, याचा अर्थ तिच्यामागे वाचणारा समाज उभा आहे. मराठीतही ‘कोण होईल मराठी करोडपती’ २०१३ मध्ये सचिन खेडेकरांच्या सूत्रसंचालनाखाली आले आणि २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ नागराज मंजुळे यांनी सादर केले. दोन्ही आपण आवडीने पाहिली असतील. परंतु पुस्तके वाटत वर्षानुवर्षे चालणारा असा दैनंदिन कार्यक्रम मराठीत असावा, ही इच्छा आम्हाला त्या कन्नड कार्यक्रमाकडे पाहूनच होते, आणि अशी इच्छा होणे हेही मराठीवरचे प्रेमच आहे.

आता एक उपाय सुचवतो. नातवाने प्रत्येक प्रश्न आपल्याला मराठीत सांगावा आणि उत्तर आधी आपण द्यावे. कुमार गंधर्वांवरचा प्रश्न आला, तर ते १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले हे त्याला कन्नड पाठ्यपुस्तकातून कळेल, पण त्यांनी गायिलेले मराठी अभंग त्याला आपणच ऐकवू शकाल. गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचेही तसेच. आपल्या भागातील अर्धेअधिक ज्ञान असे दोन्ही घरांचे आहे आणि ते एकाच वाहिनीवर पूर्ण मिळत नाही. रात्री ‘करोडपती’ची वेळ झाली की रिमोट आपल्याकडे यावा, एवढा करार मात्र आधीच करून ठेवावा.

प्रश्न : उत्तर जवळजवळ माहीत असतानाही स्पर्धक खेळ सोडतो, तेव्हा आम्ही मैत्रिणी फार हळहळतो. खेळ केव्हा सोडावा याचा काही हिशेब आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : हिशेब आहे, आणि तो पडावांवर, म्हणजे एकदा गाठल्यावर पुढचे उत्तर चुकले तरी पक्क्या राहणाऱ्या रकमांवर, अवलंबून आहे. जुन्या पर्वांमधील रचना घेऊ : १० हजार आणि ३ लाख २० हजार हे दोन पक्के पडाव, त्यापुढे ६ लाख ४० हजार, मग साडेबारा लाख. पडाव गाठल्यानंतरचा लगेचचा प्रश्न कधीही सोडू नये, कारण उत्तर चुकले तरी हातातले काहीच जात नाही. खरा पेच त्याच्या पुढच्या प्रश्नावर येतो. समजा, ६ लाख ४० हजार हातात आहेत आणि ‘फिफ्टी-फिफ्टी’नंतर दोनच पर्याय उरले आहेत. बरोबर आले तर साडेबारा लाख, चुकले तर ३ लाख २० हजार. दोहोंची सरासरी ७ लाख ८५ हजार, म्हणजे हातातल्या रकमेपेक्षा अधिक. गणित खेळायला सांगते. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर मात्र ती सरासरी साडेपाच लाखांच्या आसपास उतरते आणि थांबणे शहाणपणाचे ठरते.

परंतु सरासरी ही हजार वेळा खेळणाऱ्याची असते. स्पर्धकाला ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. २०१९ मध्ये एक कोटी जिंकणाऱ्या अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवण्याचे काम करत होत्या आणि त्यांचे मानधन दरमहा दीड हजार रुपये होते. अशा घरातून आलेल्या स्पर्धकाने सहा लाखांवर थांबायचे ठरवले, तर त्याला भित्रा म्हणू नये. त्या रकमेत घराचे छप्पर आणि मुलांचे शिक्षण असते, ते सरासरीत दिसत नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीतील चाहत्यांना गणेशोत्सवात स्वतःची प्रश्नमंजूषा घ्यायची आहे. प्रश्न कसे काढावेत? (मंडळाचे कार्यकर्ते, चिकोडी)

उत्तर : मार्गदर्शक पुस्तकांतून प्रश्न उचलू नका, ते सर्वांनी पाठ केलेले असतात. आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करा. महात्मा गांधी राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते १९२४ मध्ये बेळगावात. मलप्रभा खानापूर तालुक्यातील कणकुंबीला उगम पावते. राणी चन्नम्मांनी कित्तूरला इंग्रजांशी झुंज दिली ते वर्ष १८२४. असे प्रश्न काढले की लहान मुलेही घरी जाऊन वडिलधाऱ्यांना विचारतात. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे पर्याय लिहिण्यास सर्वाधिक वेळ द्या. कणकुंबीसोबत घटप्रभेच्या काठचे गाव ठेवले तर प्रश्नाला धार येते, मुंबई-पुण्याची नावे ठेवली तर उत्तर आपोआप फुटते. प्रत्येक प्रश्नामागे तो कोणत्या पुस्तकातून किंवा फलकावरून घेतला, हे परीक्षकांच्या वहीत लिहून ठेवा, कारण मांडवात एखाद्या उत्तरावर हरकत आली की ती वही उघडूनच निकाल देता येतो. बक्षीस म्हणून पुस्तके द्यावीत, मराठी आणि कन्नड दोन्ही.