जावयाचे डझन, कॅडीची पिशवी : बॉलविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात गोल्फमधल्या बंकरवर, म्हणजे वाळूच्या खड्ड्यावर, लिहिताना शेवटी सहज विचारले होते, तुम्ही कुठल्या बॉलने खेळता? उत्तरे थोडी आली, उलटे प्रश्नच जास्त आले. त्यातले आठ निवडले आहेत.

प्रश्न (नाशिक) : वय ६१, हँडिकॅप २४ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण इतके जास्त लागतात). जावयाने अमेरिकेहून टायटलिस्ट प्रो व्ही वनचे डझन आणले आहे. खोके फोडायचा धीर होत नाही. फोरबॉलमधले (चौघांच्या खेळातले) मित्र म्हणतात, तुझ्या खेळाला हा बॉल म्हणजे बैलगाडीत विमानाचे पेट्रोल. खरे का?

मित्रांचे अर्धे खरे आहे. पण जे अर्धे चुकते, ते तुमच्या कामाचे आहे.

खरे अर्धे टीवरचे, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याचे. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या काठीने (क्लबने), मारलेला हा बॉल आणि त्याच्या निम्म्या किमतीचा चांगल्या कंपनीचा बॉल, दोन्ही तुमच्या हातून जवळपास सारख्याच ठिकाणी पडतील. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांनी बॉलला चारी बाजूंनी कुंपण घातले आहे : वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, शिवाय सुटतानाचा वेग आणि एकूण अंतर यांनाही वरची मर्यादा. सगळ्या नावाजलेल्या कंपन्या या मर्यादेला डोके टेकवून उभ्या आहेत. तुमच्या वेगाला त्यांच्यातला फरक दोन-चार यार्डांचा, आणि तुमच्या दोन ड्राइव्हमध्येच चाळीस यार्डांचा फरक असतो.

आता चुकलेले अर्धे. बॉलची खरी जात त्याच्या सालीवर ठरते. स्वस्त बॉलची साल बहुधा आयोनोमरची, जिला आपण सर्लिन म्हणतो. ती टणक असते आणि लवकर फाटत नाही. महागाची साल युरेथेनची : मऊ, वेजच्या (जवळच्या फटक्यांच्या क्लबच्या) खाचांत चिकटून फिरणारी. पूर्ण ड्राइव्हला ही साल काही करत नाही. पण ग्रीनपासून (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपासून) ३०-४० यार्डांवरून मारलेल्या छोट्या फटक्यात टणक सालीच्या बॉलची फिरकी काही वेळा निम्म्यावर येते. बॉल पडतो आणि पाय फुटल्यासारखा पळत सुटतो.

२४ हँडिकॅपवाला नियमातल्या फटक्यांत (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन कमी) किती ग्रीन गाठतो? १८ होलपैकी तीन, फार तर चार. म्हणजे उरलेल्या १४ होलवर तुम्ही ग्रीनच्या आसपास वेज घेऊन उभे असता. ग्रीनभोवतीची कसरत व्यावसायिकापेक्षा तुम्हालाच जास्त करावी लागते. मग चांगल्या सालीचा उपयोग तुम्हाला नाही, असे कसे म्हणता येईल? अट एकच : फटका स्वच्छ बसायला हवा. आधी माती उकरणारा किंवा बॉलच्या डोक्यावर बसणारा फटका असेल, तर कुठलीही साल वाचवत नाही.

तुमच्या मित्रांचा समज आला कुठून, तेही सांगतो. २००० पर्यंत निवड खरोखरच दोन टोकांची होती. एकीकडे रबराचा धागा गुंडाळलेला, बलाटाच्या सालीचा बॉल : लोण्यासारखा मऊ, भरपूर फिरकीचा, पण एका चुकीच्या फटक्यात ओठ फाटावा तसा फाटणारा. दुसरीकडे सर्लिनचा दगड. बलाटा मोठ्या खेळाडूंनी वापरायचा आणि बाकीच्यांनी दगड, हा सल्ला त्या काळात शहाणपणाचा होता. मे २०००मध्ये टायगर वुड्सने धाग्याचा बॉल सोडून भरीव गाभ्याचा नायकेचा बॉल घेतला आणि पुढच्याच महिन्यात पेबल बीचवर यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकली. ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत प्रो व्ही वन पहिल्यांदा मैदानावर आला आणि थोड्याच काळात धाग्याचा बॉल इतिहासजमा झाला. लांबी आणि फिरकी एकाच बॉलमध्ये आली. बॉल बदलला, क्लबातले सल्ले मात्र बलाटाच्याच काळातले राहिले.

तेव्हा खोके फोडा. मात्र एक पथ्य पाळा. पाण्यावरून मारायची वेळ आली की आपण पिशवीतून जुना, कळकट बॉल शोधून काढतो. ती पाण्याला आधीच दिलेली दक्षिणा असते. ज्या बॉलने त्या होलवर छातीठोक मारता येत नाही, तो बॉल तुमच्यासाठी महागच. जावयाचे डझन संपल्यावर युरेथेनच्या सालीचा, पण हरवला तरी जेवण गोड लागेल अशा किमतीचा बॉल घ्या आणि तोच घेत राहा.

प्रश्न (पुणे) : दुकानात सांगितले की माझा स्विंग सावकाश असल्यामुळे कमी कॉम्प्रेशनचा मऊ बॉलच हवा, कडक बॉल माझ्याच्याने "दाबला जाणार नाही". हे शास्त्रीय आहे?

विक्रीशास्त्रीय आहे. कॉम्प्रेशन म्हणजे बॉल किती दबतो त्याचा आकडा : मऊ बॉल ४०च्या आसपास, व्यावसायिकांच्या टूरवरचे ९० ते १००. पण बॉल सगळ्यांच्याच फटक्याने दबतो, तुमच्याही. आणि मऊ बॉल क्लबवरून किंचित हळूच सुटतो, मारणारा कोणीही असो. स्विंग सावकाश असेल तर हे नुकसान नगण्य होते, इतकेच. त्याचा फायदा होत नाही.

मऊ बॉल घेण्याचे एकच प्रामाणिक कारण आहे, ते म्हणजे तो हाताला बरा वाटतो. पटरवरचा (ग्रीनवर बॉल घरंगळवणाऱ्या क्लबवरचा) "टप्" आवाज तुम्हाला आवडत असेल तर जरूर घ्या. मीही पटिंगपुरता मऊ बॉलचाच माणूस आहे. पण निवड ग्रीनवरून सुरू करा. दोन प्रकारचे तीन-तीन बॉल घ्या, ३० यार्डांवरून चिप (छोटा, उचलता फटका) करा आणि कुठे थांबतात ते बघा. मग पट करा. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. दुकानातल्या जाळीत नेमके उलटे होते, आधी ड्रायव्हर देतात आणि पडद्यावरचा आकडा दाखवतात.

आणि थंडीतल्या सकाळी अंतर कमी पडते त्याचा दोष कॉम्प्रेशनला देऊ नका. गारठलेला बॉल कमी उसळतो आणि थंड हवाही दाट असते. रात्री पिशवी गाडीत न ठेवता घरात घ्या. मे महिन्यात तर डिकीत मुळीच ठेवू नका. राउंड चालू असताना बॉल मुद्दाम गरम करणे मात्र नियमबाह्य आहे, हातात गरम चहाचा थर्मास असला तरी.

प्रश्न (ठाणे) : माझा स्लाइस (बाजूला वळत जाणारा फटका) जगप्रसिद्ध आहे. "सरळ जाणारा" बॉल असतो का?

असा बॉल होता, आणि त्यावर कोर्टकचेरीही झाली. १९७०च्या दशकात अमेरिकेत पोलारा नावाचा बॉल निघाला. त्याचे खळगे सगळीकडे सारखे नव्हते : मधल्या पट्ट्यात खोल, दोन्ही टोकांना उथळ. टीवर बाणाची खूण नीट लावून ठेवला की हवेत आपोआप सावरायचा. यूएसजीएने १९८१मध्ये नियमच केला की बॉल सर्व बाजूंनी सारखाच उडला पाहिजे. कंपनीने दावा ठोकला आणि १९८५मध्ये प्रकरण १३ लाख ७५ हजार डॉलरवर मिटले. बॉल मात्र बाद तो बादच.

आज डब्यावर "स्ट्रेट" छापलेले बॉल म्हणजे कमी फिरकीचे बॉल. एकूण फिरकी कमी म्हणून वळणही थोडे कमी. शेजारच्या होलच्या फेअरवेत (मोकळ्या पट्ट्यात) जाणारा बॉल कदाचित झाडीत थांबेल. पण त्याच कमी फिरकीची किंमत ग्रीनजवळ मोजावी लागेल. स्लाइस येतो तो स्विंगच्या मार्गाला क्लबचे तोंड उघडे राहिल्यामुळे. डझनाच्या पैशांत एखादा धडा घ्या.

प्रश्न (पुणे) : आमचे कॅडी (पिशवी वाहणारे मदतनीस) तळ्यातून काढलेले बॉल विकतात. घ्यावेत का?

मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे. साल पाहायची, चिरली नसेल, चमक गेली नसेल आणि अंगठ्याखाली गुळगुळीत लागत असेल तर रोजच्या खेळाला उत्तम. खूप महिने पाण्यात पडलेला बॉल हळूहळू अंतर गमावतो, पण तो काल पडला की दिवाळीत, हे बाहेरून नेहमी कळत नाही. मॉडेल ओळखीचे असेल आणि छपाई ठसठशीत असेल तर धोका कमी.

वर नवा रंग चढवून विकलेले बॉल मात्र टाळा. त्या रंगाखाली कुठली साल आहे, खळगे किती बुजले आहेत, काही सांगता येत नाही. धुतलेला बॉल वेगळा, रंगवलेला वेगळा.

आणि कॅडीशी फार घासाघीस करू नका. तुमचेच बॉल तुम्हाला परत मिळत आहेत.

प्रश्न (न्यू जर्सी) : कॉस्टको या दुकानसाखळीचा कर्कलंड बॉल इथे सगळे मराठी मित्र वापरतात. इतक्या स्वस्तात मिळतो म्हणजे कुठेतरी काटछाट असणारच ना?

२०१६मध्ये हा बॉल आला तेव्हा चार थरांचा, युरेथेनच्या सालीचा, आणि दोन डझन ३० डॉलरला. लोकांनी दुकानातली कपाटे रिकामी केली. पुढच्या वर्षी कॉस्टको आणि टायटलिस्टची मालक कंपनी अ‍ॅकुशनेट कोर्टात उभ्या होत्या आणि २०१८मध्ये समेट झाला. नंतर आलेला बॉल तीन थरांचा. साल आजही युरेथेनची आहे, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजायचे ते मिळते आहे.

महाग बॉलमध्ये जास्तीचे काय मिळते? मुख्यतः एकसारखेपणा : डझनातला पहिला आणि बारावा सारखा असण्याची हमी. टायटलिस्टचा जन्मच त्यातून झाला. १९३०च्या दशकात फिल यंग या रबर कारखानदाराचा, स्वतःच्या मते नीट मारलेला पट चुकला. त्याने बॉलचा एक्स-रे काढवला, तर गाभा मध्यावर नव्हताच. मग त्याने स्वतःच बॉल काढला, १९३५मध्ये. मी माझ्या शिष्यांना ही गोष्ट जपून सांगतो, कारण त्यानंतर त्यांचा प्रत्येक चुकलेला पट गाभ्यावर जातो. तुम्ही सिंगल (म्हणजे दहाच्या आतल्या) हँडिकॅपचे नसाल तर तुमच्या मित्रांचे बरोबर आहे.

प्रश्न (नागपूर) : "लेडीज" असे लिहिलेले गुलाबी बॉल मला भेट म्हणून तीनदा मिळाले. बायकांचा बॉल खरेच वेगळा असतो?

नियमात बायकांचा बॉल नावाची गोष्ट नाही. टूरवरच्या मुली तोच युरेथेनचा बॉल खेळतात जो पुरुष खेळतात. तुम्हाला मिळालेले बहुधा दोन थरांचे, मऊ, टणक सालीचे साधे बॉल आहेत. वाईट नाहीत, फक्त गुलाबी आहेत. आपली गोल्फपटू आदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली ती लांब मारून नव्हे, पटिंगच्या जोरावर. तिथे गरज होती ग्रीनवर वागणाऱ्या बॉलची. चौथ्यांदा भेट येणार असेल तर मॉडेलचे नाव आधीच सांगून ठेवा.

प्रश्न (मुंबई) : ड्राइव्हला लांब जाणारा आणि ग्रीनवर पटिंगचा, असे दोन बॉल वापरले तर?

दंड बसेल. होल चालू असताना ग्रीनवर बॉल उचलून दुसरा ठेवता येत नाही. तो चिरला किंवा तडकला असेल तर गोष्ट वेगळी. दोन होलच्या मध्ये बदलू शकता, पण काही स्पर्धांत एकच मॉडेल वापरण्याचा स्थानिक नियम असतो, तो फलकावर वाचून घ्या. खरे तर बदलूच नका. आज धावणारा आणि उद्या थांबणारा बॉल खेळलात, तर चिप कुठे टाकायची हे हाताला कधी समजणार?

पावसाळ्याचा अपवाद करा. जुलैत ग्रीन भिजून इतके मऊ असते की टणक सालीचा बॉलही पडल्या जागी रुततो. तेव्हा स्वस्तातला खेळा, पिवळा घ्या. गवत वाढलेले असते आणि शोधायला नियमात तीनच मिनिटे आहेत. एप्रिल-मेमध्ये तेच ग्रीन फरशीसारखे कडक झाले की युरेथेन बाहेर काढा.

प्रश्न (खारघर) : बॉलचे अंतर कमी करणारा नवा नियम येतो आहे म्हणतात. महिन्याला दीड डझन बॉल हरवतात माझे. आत्ताच साठा करून ठेवू का?

डिसेंबर २०२३मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए यांनी जाहीर केले ते असे : बॉलची अंतराची चाचणी आतापर्यंत ताशी १२० मैलांच्या स्विंगवर होत असे, ती १२५ मैलांवर होणार आणि अंतराची मर्यादा मात्र तीच राहणार. म्हणजे आजचे बरेच लांब बॉल नापास. सामान्य खेळाडूंसाठी त्यांनी वर्ष धरले २०३०. सगळ्यात लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड जातील, आपल्यासारख्यांचे पाच किंवा त्याहून कमी, असा त्यांचाच अंदाज आहे. पाच यार्ड म्हणजे तुमच्या कॅडीने टीपासून पिशवी ठेवलेले अंतर.

आणि जुन्या बॉलचा साठा नवा नियम लागू झाल्यावर स्पर्धेत चालणार नाही. रविवारच्या चौघांत कोणी विचारणार नाही, हे खरे. पण महिन्याला दीड डझन म्हणजे वर्षाला १८ डझन. तुम्ही खोलीभर बॉल घेतलेत, तरी २०३०पर्यंत त्यातला एकही शिल्लक राहील असे मला वाटत नाही.