क्लिक कानातून काढ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचून आधी वैतागले, मग तुझी काळजी वाटली, आणि आता लिहायला बसेपर्यंत पुन्हा वैतागले आहे. सांभाळून घे.

तर सेमिस्टरच्या शेवटचा तुमच्या क्वार्टेटचा, म्हणजे तंतुवाद्यं वाजवणाऱ्या तुम्हा चौघांचा, कार्यक्रम या वेळी ऑनलाइन आहे, आणि तुमच्या फर्स्ट व्हायोलिनचं (पहिली व्हायोलिन वाजवणाऱ्याचं) म्हणणं, एकत्र बसायचंच कशाला? प्रत्येकाने आपल्या खोलीत, कानात क्लिक, म्हणजे लय धरून देणारी यंत्राची टकटक, घालून आपला भाग हवा तितक्या वेळा वाजवायचा, चांगला तेवढा ठेवायचा, आणि कुणीतरी मित्र व्हिडिओच्या चार चौकटी जोडून देईल. सूर स्वच्छ, चूक एकही नाही, मास्टर्सच्या अर्जालाही लावता येईल. वर तू मला विचारतेस, "मावशी, यात वाईट काय?"

वाईट हे की तुम्ही चौघं एकमेकांबरोबर वाजवणारच नाही. चौघंही एका यंत्राबरोबर वाजवाल. एक खोली, एक टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग), क्लिक नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

वाजवताय काय, ते तरी बघ. चेक संगीतकार द्वोर्झाकचं एफ मेजर क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, ओपस (रचना-क्रमांक) ९६. १८९३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून हा माणूस आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या चेक वस्तीत सुट्टीला गेला, तीन दिवसांत कच्चा आराखडा उतरवला आणि २३ जूनला काम संपवलं. पहिल्यांदा ते वाजलं घरगुती बैठकीत: कोवार्झिक कुटुंबातले तिघं आणि पहिल्या व्हायोलिनवर स्वतः द्वोर्झाक. रीतसर पहिला कार्यक्रम नंतर, १ जानेवारी १८९४ ला, बॉस्टनमध्ये क्नायझेल क्वार्टेटने केला. त्या घरगुती बैठकीत सगळे सूर जागेवर लागले असतील असं मला अजिबात वाटत नाही.

आणि हा माणूस तुझ्या वाद्याचा. प्रागच्या प्रोव्हिजनल थिएटरच्या वाद्यवृंदात त्याने कित्येक वर्षं व्हायोला, ही व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या सुरांची बहीण, वाजवली होती. म्हणूनच की काय, या क्वार्टेटची पहिली सुरावट त्याने व्हायोलाला दिली. व्हायोलिनं थरथरत असतात, चेलो खालचा एफ हा सूर धरून बसलेला असतो, आणि तिसऱ्या बारला (मात्रांच्या तिसऱ्या गटाला) तू येतेस. क्लिक असेल तर तू क्लिक सांगेल तेव्हा येशील. क्लिक नसेल तर चेलोचा एफ बसलाय का, व्हायोलिनं किती हळू आहेत, हे ऐकून, थोडी उशिरासुद्धा येशील. तो उशीर तुझा असेल, आणि तो बाकीच्या तिघांनी ओळखून सांभाळलेला असेल. वारीत दिंडीतले शंभर टाळ एका क्षणी पडतात, तिथे कुणाच्या कानात क्लिक असतो?

तुमच्यातला तो कॉम्प्युटर सायन्सवाला जॅकट्रिप, म्हणजे इंटरनेटवरून एकत्र वाजवायचं सॉफ्टवेअर, सुचवतोय म्हणालीस. स्टॅनफर्डच्या लोकांनी ते खरंच हुशारीने बनवलंय. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तीस मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे दहा मीटरवर बसलेला माणूस. ओढूनताणून वाजवता येतं, पण लय हळूहळू मागे पडायला लागते. क्वार्टेटमध्ये आपण दीड मीटरवर बसतो, चार-पाच मिलिसेकंद. तुम्ही चौघं एकाच कॅम्पसवर राहता, एकाच मेसमध्ये जेवता. मग ही कसरत कुणासाठी?

२०२० मध्ये गोष्ट वेगळी होती. मुलं घरोघरी अडकलेली, खोल्यांना कुलपं. ते चौकटींचे व्हिडिओ तेव्हा त्यांचा आधार होते, हे मी नाकारत नाही. तरीही आमच्या विभागाने माझ्याकडे तसले व्हिडिओ मागितले तेव्हा मी नाही म्हटलं. तंतुवाद्यांना तोंड उघडावं लागत नाही. मास्क लावून, अंतर ठेवून, अंगणात बसवा मुलांना, मी थंडीतही शिकवते, असं म्हटलं. बैठकीत हसले लोक. "हट्टी बाई" हा शिक्का तेव्हापासूनचा. पण त्या अंगणात वाऱ्याने स्वरलिपीचे कागद उडत असताना माझी मुलं एकमेकांकडे बघायला शिकली, आणि क्लिकवर वाजवणाऱ्या मुलांना पुढच्या वर्षी एकत्र सुरुवात करायला मान कशी हलवायची ते नव्याने शिकवावं लागलं. ते कुणी शिकवलं? मीच. असो. हा तुझा विषय नाही.

तुझा विषय हा: चूक कायमची राहील, याची तुला भीती आहे. अगं, आमच्या क्वार्टेटचं एकही पूर्ण रेकॉर्डिंग नाही. आमचा फर्स्ट व्हायोलिनवाला दर वेळी "अजून तयार नाही" म्हणायचा, आणि मग चेलोवाली दुसऱ्या शहरात गेली. द्वोर्झाकच्या याच रचनेतल्या स्लो मूव्हमेंटमध्ये (संथ भागात) मी आणि सेकंड व्हायोलिन जी झुलती साथ धरायचो, ती आज मला कुठेच ऐकता येत नाही. तिच्यात दोन बेसूर जागा असत्या तरी मी आनंदाने ऐकली असती. म्हणून सांगते, एक टेक. तयार असा वा नसा.

आता कामाचं. तू बाहेरच्या, टोकाच्या खुर्चीवर बसू नकोस. तिथे व्हायोलाची एफ-छिद्रं (आवाज बाहेर सोडणारी) मागच्या भिंतीकडे तोंड करतात आणि तुझा सगळा आवाज भिंत ऐकते. चेलोला बाहेर घ्या, तू आत. माईकची स्टिरिओ जोडी समोर दोन-अडीच मीटरवर, डोक्यांपेक्षा उंच. प्रत्येकाच्या वाद्याला वेगळा माईक लावू देऊ नका, नाहीतर तोल कुणीतरी तिसराच ठरवतो. आवाज आपोआप वरखाली करणारी सेटिंग्ज सगळी बंद. झूमवरून दाखवणार असाल तर "ओरिजिनल साउंड" चालू हवाच, नाहीतर तुझा लांबवलेला सूर त्याला पंख्याची घरघर वाटतो आणि तो दाबून टाकतो. वायफाय नको, केबल लावा. द्वोर्झाक १९०४ मध्ये गेला, स्वामित्वहक्क कधीच संपला, तरी यूट्यूबची यंत्रणा तुमचं वादन कुठल्या तरी कंपनीचं रेकॉर्डिंग समजून दावा लावू शकते. लावला तर हरकत नोंदव, आणि मनातल्या मनात खूश हो.

तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे सांगलीत पहाटेचे साडेपाच. आईला म्हणावं फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात चेलोच्या खालच्या तारा गायबच होतात आणि तुझी व्हायोलाही अर्धी होते. हेडफोन लावा.

फर्स्ट व्हायोलिनला हे पत्र वाचून दाखवणार असशील तर माझ्या विभागाची रडगाणी गाळ, बाकी सगळं वाच. तरीही तो ऐकेना, तर तू त्या चौकटीत बसू नकोस. दुसरी व्हायोला शोधा म्हणावं. बघू कुठून आणतात.

हॉलची तारीख मिळाली की कळव.

तुझी,
मावशी