अडत्याचा धंदा

"मुलगा चांगली नोकरी सोडून स्टार्टअप काढतो म्हणतो. अडवावं, की करू द्यावं?" समुपदेशनासाठी माझ्याकडं येणाऱ्या आईवडिलांचा हा आता नेहमीचा प्रश्न झालाय. कुणाच्या घरात कॅफे असतो, कुणाच्या घरात ऑनलाइन दागिने. या घरात टॅटू होता. (घरच्यांना विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलाला रोहित म्हणू.)

आधी आले ते आईवडीलच. वडील कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी. बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, टॅटूवाल्यांना गिऱ्हाइकं गाठून देणार म्हणतोय. मधल्या मधे कमिशन. म्हणजे अडत्याच झाला की! त्यासाठी इंजिनियर केला व्हय? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? तीन नावं सांगा."

हा माझा जुना प्रश्न आहे. 'लोक' म्हटलं की अख्खी गल्ली डोळ्यांपुढं उभी राहते. नावं मागितली की गर्दी झपाट्यानं कमी होते. ते आधी भावकी म्हणाले, मग पेठ म्हणाले. शेवटी नाव एकच निघालं, दुकानाच्या शेटचं. "रोज इचारतात, पोरगं काय करतंय. नोकरी सांगितली की मान डोलवतात." त्या डोलणाऱ्या मानेवर या माणसानं किती वर्षं काढली असतील, ते त्यांच्या आवाजात कळत होतं. जरा थांबून दुसरी भीती बाहेर आली: घराच्या कागदावर सही मागितली तर? मुलानं तसं काही मागितलं नव्हतं. मागणार आहेस का, असं त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

आईचं वेगळंच होतं. त्यांच्या स्वतःच्या हातावर लहानपणी जत्रेत गोंदवलेली तुळस आहे. "तवा एकच सुई, आणि रांगेत सगळ्या बायका. आता ते कसं असतं? पोराच्या नावावर कुणाला काविळ-बिविळ झाली तर?" लाजत लाजत विचारलं त्यांनी, जणू अडाणीपणाची शंका. पण ती सगळ्यांत शहाणी शंका होती. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीसुद्धा पसरू शकतो.

रोहित एकटा आला तो लॅपटॉप घेऊनच. आठ महिने रात्री जागून अ‍ॅप बांधलं होतं. लोगो चारदा बदललेला. नकाशावर स्टुडिओ दिसतात, शैलीनुसार शोधता येतं, सगळं देखणं.

"किती टॅटू आर्टिस्टना भेटलास?"

"तसं अजून... लाँच झालं की भेटणारच आहे."

अशी मुलं बेफिकीर असतात, असं घरच्यांना वाटतं. मला मात्र बहुतेकदा उलटं दिसतं. अ‍ॅप तोंडावर नाही म्हणत नाही, माणूस म्हणतो. म्हणून मग बटणाचा रंग बदलत बसायचं. रोहित वडिलांशी भांडत होता त्याचंही एक कारण हेच असावं. घरचा विरोध आहे तोवर बाहेरचा नकार ऐकायला जावं लागत नाही. हे मी त्याला स्पष्ट बोलून दाखवलं. त्याला राग आला. येऊ दिला.

गृहपाठ दिला: तीन आठवडे लॅपटॉप घरी ठेवायचा, दहा आर्टिस्टना गाठायचं आणि 'गेल्या महिन्यात डोक्याला ताप कशानं झाला' एवढंच विचारायचं. शिवाय आईच्या शंकेचं उत्तर आणायचं.

तो सातच जणांना भेटून आला, पण वही भरून. कुणालाही गिऱ्हाईक शोधून देणाऱ्याची फारशी गरज नव्हती; इन्स्टाग्रामवर विचारणा भरपूर येते. ताप वेगळा होता. लोक डिझाइन काढून घेतात आणि ठरलेल्या दिवशी येत नाहीत. फोनवर पहिला प्रश्न 'इंचाला किती?' भरतीची तयारी करणारी पोरं दंडावर वाघ काढून मागतात, आणि सैन्यभरतीच्या नियमात कायमचा टॅटू चालतो तो फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा पंज्याच्या मागच्या बाजूला. हे आधी सांगणारं कुणी नसतं. कुणाला जुन्या प्रेमाचं नाव झाकायचं असतं, पण झाककामात हात बसलेला आर्टिस्ट कोण, ते कळत नाही. आणि ऱ्हस्व-दीर्घ! 'आशीर्वाद' चुकीचा गोंदवला की जन्मभर चुकीचाच. (हे ऐकून मी, एकेकाळची मराठीची शिक्षिका, खुर्चीत सरसावून बसले.)

एकानं तर त्याला सरळ सुनावलं होतं, "एकदा वळख झाली की दुसऱ्या खेपेला तुझ्या अ‍ॅपला कोण इचारतंय भावा?"

आईसाठीचं उत्तर त्यानं तिघे एकत्र आले तेव्हा दिलं. सुई एकदाच वापरायची, तीही गिऱ्हाइकासमोर पाकीट फोडून. शाई छोट्या टोपणात ओतायची, उरलेली बाटलीत परत न टाकता फेकायची. पुन्हा वापरायची धातूची अवजारं असतील तर ती ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाच्या वाफेत, 121 अंशांवर. अठराच्या आतला असेल तर त्याला परत पाठवायचं. आई म्हणाल्या, "हे सगळे करतात?" "नाही," रोहित म्हणाला, "दोन ठिकाणी मला ते धड दिसलं नाही."

इथं मी वडिलांकडं वळले. अडत्या नेमकं करतो काय, मला नीट माहीत नाही, सांगा म्हटलं. त्यांची पाठ ताठ झाली. सौदा कसा निघतो, व्यापाऱ्याचे पैसे उशिरा आले तरी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, अडत्या कशी भागवतो, नड असली की उचल कशी देतो. "नुसती गाठ घालून दिली म्हणून कोण अडत देतंय मॅडम? जोखीम घेतो म्हणून देतात."

खोलीत जरा शांतता झाली. मग रोहितनं विचारलं, "पप्पा, मग मी कशाची जोखीम घ्यायची?"

पुढचा पाऊण तास मला फारसं कामच नव्हतं. आगाऊ रक्कम रोहितकडं जमा ठेवायची. गिऱ्हाईक आलं नाही तर त्यातून डिझाइनचे पैसे आर्टिस्टला. ज्याची सुई-शाई स्वतः बघितली, तोच यादीत. वडील म्हणाले, वीस लाखांच्या आत जीएसटीला सूट असती. नंतर दुकानाच्या सीएकडून कळलं, की दुसऱ्याच्या सेवेचे पैसे स्वतःकडं जमा करून घेणाऱ्या ऑनलाइन मंचाला ती सूट नाही, नोंदणी पहिल्या रुपयापासूनच.

ठरलं ते असं: नोकरी वर्षभर सोडायची नाही, घराचा कागद या विषयात आणायचा नाही, आणि शेटना काय सांगायचं ते वडील ठरवतील, रोहित त्यात पडणार नाही. अ‍ॅप सध्या बंद आहे. यादीत तीन स्टुडिओ. काम व्हॉट्सअ‍ॅप आणि एका लाल चोपडीवर चालतं. चोपडी वडिलांनी आणून दिली, पण त्यांचा विरोध संपलाय असं समजू नका. 'टॅटू' हा शब्द ते अजून उच्चारत नाहीत, 'त्याचं ते काम' म्हणतात.

गेल्या भेटीत त्यांनी नवा मुद्दा काढला. "गुळाची ढेप खराब निघाली तर माल परत करता येतोय. हात कसा परत घेणार हा?"

रोहितकडं उत्तर नव्हतं. पुढची वेळ तिघांनी मिळून मागितलीय.