निगेटिव्ह न्यूज स्क्रीनिंग : डेमो आपल्या भागातल्या नावांवर घ्या

निपाणीच्या मॅडमनी विचारलंय की त्यांच्या नागरी सहकारी बँकेकडे निगेटिव्ह न्यूज स्क्रीनिंगची, म्हणजे खातेदारांची नावं गुन्ह्यांच्या बातम्यांत आहेत का हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची, दोन कोटेशनं आली आहेत. एक मोठ्या परदेशी कंपनीचं, दुसरं त्याच्या निम्म्या दरात. दोघंही 'लाखो स्रोत' असल्याचं सांगतात, मग संचालक मंडळापुढं नेमकं काय बघून ठेवायचं? मी बेळगावात अशाच एका बँकेत प्रिन्सिपल ऑफिसर आहे, म्हणजे संशयास्पद व्यवहार सरकारला कळवायची जबाबदारी माझ्याकडं आहे. आमच्या स्क्रीनिंगच्या दोन कंपन्या बदलून झाल्या, त्यात जे शिकलो ते सविस्तर लिहितो.

मॅडम, आधी दोन कामं वेगळी करा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांच्या याद्या आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम 51अ यांची तपासणी कायद्यानं करावीच लागते. तिथं यादी ठरलेली असते आणि नाव जुळतं की नाही एवढंच बघायचं असतं. बातम्यांना अशी यादी नाही. खातेदार कुठल्या प्रकरणात अडकलाय का याचा माग पेपरांतून काढायचा आणि त्यावरून त्याची जोखीम ठरवायची. कोटेशनमध्ये ही दोन्ही कामं एकाच ओळीत घातली असतील तर दर वेगळे मागून घ्या.

आता मुख्य मुद्दा. स्रोत किती आहेत हे विचारू नका, कुठले आहेत ते विचारा. आमच्याकडं एका व्यापाऱ्याचा कॅश क्रेडिटचा, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जाचा अर्ज आला होता. स्क्रीनिंगचा रिपोर्ट स्वच्छ, 'काही आढळलं नाही'. फाईल माझ्या टेबलावर असताना काउंटरवरच्या आमच्या ताई म्हणाल्या, "सर, यांचं नाव पेपरात आलं होतं की." त्यांच्या घरी कन्नड पेपर येतो. शोधलं तर खरंच, ठेवीदारांच्या फसवणुकीच्या गुन्ह्याची बातमी होती. गुन्हा कोल्हापूर जिल्ह्यातला, बातमी कन्नड पेपरात आणि नाव छापलेलं आद्याक्षरांनी. आमच्या अर्जावर मराठी पद्धतीनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, तो पेपर आमच्या यादीत नाही. करार करताना ती यादी आम्ही मागितलीच नव्हती, ही आमची चूक.

आपल्या सीमाभागात हीच खरी अडचण आहे. माणूस चिकोडीचा, धंदा गडहिंग्लजला, जमीन चंदगडला, गुन्हा गोव्यात. बातमी मराठीत येईल, कन्नडमध्ये येईल, नाहीतर इंग्रजीत. गावाचं नावसुद्धा एक नाही. 1 नोव्हेंबर 2014 पासून इंग्रजीत बेळगावी झालं, त्याआधीच्या बातम्यांत बेलगाम आहे आणि मराठी पेपर आजही बेळगाव लिहितात. तिन्ही रूपं एकाच जागेची आहेत हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसेल तर 'एस. बी. पाटील' टाकल्यावर शेकडो पाटील समोर येतील आणि आपला पाटील त्यात सापडणार नाही.

शब्दांचंही तसंच. कन्नडमध्ये 'बंधन' म्हणजे अटक, मराठीत त्याचा अर्थ अगदी निराळा. 'मटका' जुगाराचा की मातीचा, हे यंत्राला ओळीवरून कळायला हवं. महाराष्ट्रात लाचेचा सापळा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग लावतो. कर्नाटकात 2022 मध्ये उच्च न्यायालयानं तिथला असाच विभाग, एसीबी, रद्द केल्यापासून हे काम पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडं आहे. मुंबईत बसून केलेल्या शब्दयादीत 'लोकायुक्त छापा' नसेल तर आपल्याकडचे लाचखोरीचे गुन्हे निसटतील. आणि हे आवर्जून विचारा, ई-पेपरची पानं वाचता येतात का? तालुक्याच्या कितीतरी बातम्या फक्त पानाच्या चित्रात असतात, वेबसाइटवर मजकूर म्हणून येतच नाहीत.

म्हणून डेमो त्यांनी आणलेल्या नावांवर घेऊ नका. बड्या उद्योगपतीचं नाव कुणालाही सापडतं. गेल्या चार-पाच वर्षांतल्या आपल्या भागातल्या बातम्यांमधून तीसेक आरोपींची नावं काढा. निम्मी कन्नड बातम्यांतली, निम्मी मराठी. त्यात काही निर्दोष सुटलेले असू द्यात. जोडीला कसलीही बातमी नसलेली वीस साधी नावं घाला. दोन्ही कंपन्यांना एकच यादी द्या आणि किती सापडली, किती निसटली, किती उगाच आली हे मोजा. खातेदारांची खरी नावं मात्र गोपनीयतेच्या करारावर सही झाल्याशिवाय बाहेर देऊ नका.

निर्दोष सुटलेल्यांचा मला फार आग्रह आहे. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, सुटकेची आतल्या पानावर आली तर आली. जुन्या बातमीवरून कुणाचं खातं अडवणं हा त्या माणसावर अन्याय आहे. मोठ्या कंपन्याही चुकतात. लंडनच्या फिन्सबरी पार्क मशिदीचं नाव वर्ल्ड-चेक या बँका वापरतात त्या स्क्रीनिंगच्या यादीत दहशतवादाच्या वर्गात घातलं होतं. 2017 मध्ये तेव्हाची मालक थॉमसन रॉयटर्स हिनं चूक मान्य करून 10 हजार पौंड भरपाई दिली. त्यामुळं बातमी सापडली की आम्ही आधी वय, गाव, वडिलांचं नाव जुळवतो, मग ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर खटल्याची आजची स्थिती बघतो, आणि मगच जोखीम बदलतो.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अलर्ट, म्हणजे नाव जुळल्याची सूचना, कुणी, कधी आणि काय कारण देऊन बंद केला याची नोंद राहिली पाहिजे. बातमीची प्रतही तिथंच साठायला हवी, नुसती लिंक चालणार नाही, लिंक वर्षभरात मरते. पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आपल्याला नोंदी 5 वर्षं जपायच्या असतात. उद्या एसटीआर, म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, करायची वेळ आली तर तो ज्या सरकारी यंत्रणेकडं जातो त्या एफआययूच्या नमुन्यात अलर्टचा स्रोत म्हणून माध्यमांतल्या बातम्यांचा वेगळा पर्याय आहे, तेव्हा ही प्रत कामाला येते. संशय पक्का झाला की अहवालाला उशीर करून चालत नाही. आणि शाखेतल्या प्रत्येकाला बजावून ठेवा की खातेदाराला याचा सुगावा लागता कामा नये.

दराचं थोडक्यात सांगतो. दर नावामागं पैसे घेणारे खातं उघडताना स्वस्त वाटतात, पण सगळ्या खातेदारांची रोजची तपासणी धरली की बिल फुगतं. वर्षाचा एकरकमी दर मागा. करारात स्रोतांची यादी जोडून घ्या आणि नवा पेपर सुचवला तर किती दिवसांत घालणार तेही लिहून घ्या. चुकलं तर रिझर्व्ह बँक आपल्यालाच विचारणार, कंपनीला नाही.

तुमच्या दोन कोटेशनपैकी अमुकच घ्या असं यादी चालवून बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. आम्ही शेवटी स्वस्तातली घेतली, कारण कन्नडमधली नावं तिनं जास्त पकडली. तरीही आमच्या ताई रोज सकाळी एक कन्नड आणि दोन मराठी पेपर चाळतात आणि खुणा केलेली पानं माझ्या टेबलावर ठेवतात. ते काम आम्ही त्यांच्या ड्यूटीत रीतसर लिहून घेतलंय, तुम्हीही कुणाकडं तरी द्या.